‘ओल्ड डेक्कन डेज’ची निवेदिका : ॲना लिबेराता डिसूझा

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अर्धापूर हे गाव केळीच्या बागांसाठी व पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. लोककथांच्या संकलनानिमित्त तेथे काही दिवस राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. एका वृद्ध बाईंनी नातवंडांना सांगावी तशी चिमणी-कावळ्याची कथा आम्हांस सांगितली. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात शेणाचे वाहून जाते, आणि दाराशी आलेल्या कावळ्यास चिमणी नाना निमित्ते काढून तिष्ठत ठेवते. ही कथा मराठी मुलखात ठाऊक नाही असे घर विरळा. ती लिहून घेत असताना सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका सचित्र इंग्रजी पुस्तकाचे स्मरण झाले. त्या पुस्तकाच्या पुनर्वाचनातून जो प्रश्न उभा राहिला तो येथे मांडावयाचा आहे.

‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक १८६८ मध्ये लंडन येथे जॉन मरे यांनी प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर नाव आहे ते मेरी फ्रिअर हिचे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर (१८६२–६७) सर बार्टल फ्रिअर यांची ही ज्येष्ठ कन्या. १८६५–६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरसाहेबांची स्वारी दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा वीस वर्षांची मेरी त्यांच्यासोबत होती. छावणीत बरोबरीची दुसरी स्त्री नसल्याने तिचा बराच काळ एकांतात जाई. अशा वेळी तिने आपल्या आयेस एखादी गोष्ट सांगण्याची विनंती केली. ती आया म्हणजे ॲना लिबेराता डिसूझा. तिने सांगितलेल्या चोवीस कथा मेरीने टिपून घेतल्या. चित्रे काढली ती मेरीची धाकटी बहीण कॅथरिन हिने, आणि प्रस्तावना लिहिली ती वडिलांनी. असा हा एका कुटुंबाचा ग्रंथ. त्यातील कथा मात्र कुटुंबाबाहेरच्या बाईच्या.

भारतीय लोककथांच्या इंग्रजी संकलनांत, प्रत्यक्ष निवेदकाच्या तोंडून ऐकून सिद्ध केलेला हा आद्य ग्रंथ मानला जातो. त्याचे हे ऐतिहासिक महत्त्व सर्वमान्य आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. आमच्या मते विचार व्हावयास हवा तो कर्तृत्वाचा. या पुस्तकाची लेखिका कोण?

मेरी फ्रिअरच्या बाजूने एक गोष्ट प्रथमच नमूद करणे न्याय्य ठरेल. तिने ॲनाचे नाव दडविले नाही. इतकेच नव्हे, तर कथांच्या आधी निवेदिकेचे आत्मकथन स्वतंत्र प्रकरण म्हणून छापले, आणि तेही शक्य तितके तिच्याच शब्दांत. त्या काळी आयेचे आत्मवृत्त गव्हर्नरच्या कन्येच्या पुस्तकात छापले जावे ही सामान्य गोष्ट नव्हे. हे प्रकरण आज वाचताना, संपूर्ण ग्रंथात याइतके जिवंत दुसरे काही नाही असे आम्हांस वाटते. ॲनाचे घराणे मूळचे लिंगायत, कालिकतकडील. पुढे गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेले. आजोबा इंग्रजी फौजेत हवालदार होते व १८१७ च्या खडकीच्या लढाईत लढले होते. गोष्टी सांगणारी होती ती आजी. पती निवर्तल्यावर ॲनाने आयेची चाकरी पत्करून मुले वाढविली. पुढे मुलगा पुण्याच्या नदीत बुडून गेला. आजीच्या काळची स्वस्ताई आणि आपल्या काळची महागाई यांची तुलनाही ती करते. राज्यकर्त्याच्या मुलीसमोर राज्यकर्त्यांच्या अमदानीविषयीची ही तक्रार ती निःसंकोचपणे मांडते, हे विशेष लक्षणीय आहे.

परंतु आत्मकथनानंतर कथा सुरू झाल्या की हा आवाज मावळतो. तेथे वाहते ते इंग्रज दिवाणखान्यातील नितळ, निर्दोष गद्य. ॲनाचे मोडके, पण ठसकेबाज इंग्रजी जिने आत्मकथनात जतन केले, तिनेच कथांमध्ये ते पुसून टाकले. मूळ भूमीची खूण राहते ती बहुतांशी नावांत : सूर्याबाई, पंचफूल राणी, मच्छीलाल, शेवंतीबाई. आणि शेवंतीचा अर्थ इंग्रज वाचकास सांगताना तिची विलायती ‘डेझी’ होते! भाषांतराची ही अडचण आपल्या परिचयाची आहे. तेवढ्यासाठी मेरीला दोष देण्याचे कारण नाही.

चिमणी-कावळ्याच्या कथेत मात्र काही अधिक सापडते. फ्रिअर-संग्रहात तिचे शीर्षकच ‘स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे’ अशा अर्थाचे आहे. म्हणजे कथा सुरू होण्यापूर्वीच निवाडा झाला आहे. आपल्याकडे बालक चिमणीच्या बाजूचे असते. घर नीट बांधणारी, पिलांना सांभाळणारी ती शहाणी, आणि कावळा फजित होण्यासाठीच आलेला. दुसरा भेद घरांचा. तेथे चिमणीचे घर लोकरीचे अस्तर लावलेले, आणि कावळ्याचे निवडुंगाच्या कुंपणावर रचलेल्या काटक्यांचे. शेण नाही, मेण नाही. लंडनच्या बालगृहात शेण नको म्हणून मेरीने ते वगळले असावे, असा तर्क कोणी करील. आम्हांस तो पटत नाही. शेण आणि मेण यांची जोडी अर्थाने जमलेली नसून यमकाने जमलेली आहे, आणि ते यमक मराठीचे आहे. ॲनाच्या आजीची कथापरंपरा कालिकत-गोव्याकडून आलेली. त्या परंपरेत हे यमक असण्याचे कारण नाही. उलट निवडुंगाचे कुंपण हे दख्खनच्या माळावर रोज दिसणारे दृश्य. दूरच्या परंपरेतील कथा फौजेबरोबर दख्खनमध्ये आली आणि येथल्या कुंपणावर बसली, असे हे चित्र आहे. हा अन्वयार्थ निवेदिकेचे आत्मकथन हाती नसते तर सुचलाच नसता. निवेदकाचे नाव, घराणे व प्रवास ठाऊक असणे ही सौजन्याची बाब नव्हे. कथेच्या अर्थनिर्णयाचे ते साधन आहे.

पुढे या नावाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जोसेफ जेकब्ज यांनी १८९२ मध्ये मुलांसाठी ‘इंडियन फेअरी टेल्स’ हा सचित्र संग्रह काढला. सूर्य, चंद्र व वारा जेवावयास गेल्याची कथा त्यांनी मेरी फ्रिअरच्या पुस्तकातून घेतली. आईसाठी अन्न राखून आणणारा चंद्र शीतल कसा झाला, हे सांगणारी ही गोड कथा होय. त्या संग्रहात ॲना उरली ती अखेरच्या टिपांपुरती. आणि मुले टिपा वाचीत नाहीत. १९१४ मध्ये सी. ए. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ आले. त्यात आपल्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आहेत, आणि चित्रे आहेत ती म. वि. धुरंधरांची. चित्रकार मराठी, नामांकित, आणि श्रेयाचा धनी. मात्र ज्या बायकांनी श्रावणात तांदूळ हातात धरून या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या, त्यांपैकी एकीचेही नाव त्यांच्याबरोबर चालत आलेले नाही. उत्तरेकडे विल्यम क्रुक यांच्या संकलनामागे असलेले पंडित रामगरीब चौबे यांचे कार्य अलीकडेच साधना नैथानी यांनी प्रकाशात आणले. ॲनाच्या बाबतीत हे काम किरिन नारायण यांनी २००२ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ची नवी आवृत्ती संपादून केले.

ॲना १८८७ मध्ये गणेशखिंड येथील गव्हर्नरच्या निवासात वारली. ती वास्तू बांधण्यास बार्टल फ्रिअर यांच्याच कारकिर्दीत आरंभ झाला होता. जेथे ती उभी आहे तो परिसर खडकीच्या लढाईचा, म्हणजे ॲनाच्या आजोबांच्या पराक्रमाचा. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले, आणि तीच वास्तू त्याची मुख्य इमारत झाली. लोकसाहित्याचे किती अभ्यासक त्या पायऱ्या चढले असतील!

अर्धापूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. फ्रिअर यांचा दौरा इकडे येण्याचा संभव नव्हता. येथील आज्यांच्या कथा टिपण्यास कोणी मेरी आली नाही. आलो ते आम्ही, वही घेऊन, फार उशिरा. हा लेख लिहिताना अर्धापूरची वही पुन्हा उघडली. चिमणी-कावळ्याच्या कथेखाली प्रस्तुत लेखकाच्या हस्ताक्षरात एवढेच आहे : ‘वृद्ध स्त्री, अर्धापूर.’ त्या बाईंनी ती कथा कोणाकडून ऐकली, माहेर कोणते, त्या लग्न होऊन कोठून आल्या, यांपैकी काहीही विचारलेले नाही. येत्या महिन्यात पुन्हा जाण्याचे ठरविले आहे. बाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे.