इंजिनांच्या वर्गनामांतील घोटाळा

चाकणचा किल्ला १६६० त शाएस्तेखानानें घेतला आणि मोगली दप्तरांत चाकणचें 'इस्लामाबाद' झालें. १६६६ त तेंच नांव चितागांवास मिळालें. केवळ नांव पाहून कागद चाकणचा ठरवूं नये, हें आमचे वाचक जाणतातच. रेल्वे-इंजिनांच्या प्रतिकृति जमविणारे मात्र हा नियम पाळीत नाहींत. ते वर्गाचें अक्षर पाहतात, मालिका पाहत नाहींत. १९२० नंतरच्या दशकांतील 'एक्सबी', 'एक्ससी' या वर्गांत 'एक्स' ब्रॉडगेजचा, व पुढील अक्षर केवळ प्रकारक्रमाचें. १९४७ त आलेल्या 'डब्ल्यूपी'त 'डब्ल्यू' ब्रॉडगेजचा आणि 'पी' उतारूंच्या गाडीचा. 'डब्ल्यूजी' हें मालगाडीचें वाफेचें इंजिन; 'डब्ल्यूसीजी' मात्र विजेचें, कारण त्यांतील 'सी' डी. सी. प्रवाहाचा. तेव्हां १९३० च्या चिंचवड स्थानकाच्या देखाव्यांत 'डब्ल्यूपी' उभें करणें हा उघड कालविपर्यास होय. आमचें मत असें कीं, प्रत्येक प्रतिकृतीच्या पट्टिकेवर वर्गनामाशेजारीं रेल्वेचें नांव, गेज व मूळ इंजिनाच्या बांधणीचें वर्ष अवश्य लिहावें. त्याविना ती पट्टिका पुढील अभ्यासकांस साधन न होतां प्रमादाचें मूळ होईल.