रॉकचे गौरवग्रंथ

सॅम मेंडिस बीटल्सवर एक नव्हे, चार चित्रपट काढत आहेत. चौघांपैकी प्रत्येकाच्या बाजूने एक, प्रदर्शन एप्रिल २०२८. घोषणेत मिरवले गेले ते हे, की जीवनकथेचे आणि संगीताचे पूर्ण हक्क संबंधितांनी दिले आहेत. काळजी करावी अशी बातमी नेमकी हीच आहे.

ही वाट 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने (२०१८) रुळवली. क्वीनचे व्यवस्थापक जिम बीच निर्मात्यांत, संगीताची देखरेख ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याकडे. मग व्हायचे तेच झाले. १९८५च्या लाइव्ह एडआधी बँड फुटल्याचे दाखवले. प्रत्यक्षात त्याच वर्षी मेपर्यंत त्यांचा दौरा चालू होता. तालमीत गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या एड्सविषयी सांगतो. निदान झाले ते १९८७च्या सुमारास. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पहिला बँड काढणारा फारोख बलसारा, म्हणजे हाच फ्रेडी, मात्र पडद्यावर येतच नाही. मूळ मंडळी सज्जन, बिघडवणारा बाहेरचा, शेवटी टाळ्या. याला चार ऑस्कर!

'एल्विस' डोळे दिपवतो, बस्स. 'अ कम्प्लीट अननोन'मध्ये १९६६ साली मँचेस्टरमध्ये डिलनला मारलेली 'जूडास'ची हाक खुशाल १९६५च्या न्यूपोर्टला नेली आहे. या साऱ्या साच्याची 'वॉक हार्ड'ने २००७मध्येच यथेच्छ टर उडवली होती. कुणी शहाणे झाले नाही.

अपवाद बिल पोहलाड यांच्या 'लव्ह अँड मर्सी'चा (२०१४). बीच बॉइजचा ब्रायन विल्सन 'पेट साउंड्स' घडवतो आहे, आणि आपण स्टुडिओत त्याच्या शेजारी आहोत. पियानोच्या तारांत तो केसांच्या पिना अडकवतो. बास वाजवणारी कॅरल के त्याला अडवते: एक बास एका पट्टीत, दुसरा दुसऱ्याच, हे जमायचे कसे? त्याच्या डोक्यात ते जमलेले असते. आयुष्यभर स्टुडिओत मुरलेले वादक या पोराकडे आधी संशयाने, मग आदराने पाहू लागतात. पॉल डानोच्या चेहऱ्यावर आनंद आहे आणि त्याच्या मागे भीतीही. गाणे कसे सुचते, कसे रचले जाते, हे इतक्या जवळून दुसऱ्या कोणत्या रॉक चरित्रपटाने दाखवले?

विल्सनची संमती याही चित्रपटाला होती, असे कुणी म्हणेल. होती. पण त्यात त्याचे मानसिक आजारपण आहे, त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर लँडीपुढची लाचारी आहे. संमती देणे वेगळे आणि संकलनाच्या टेबलाशी ठाण मांडून बसणे वेगळे.

गाणी मिळाली नाहीत तर चित्रपटच उभा राहत नाही, ही सबबही लंगडी आहे. बोवीची गाणी नसलेला 'स्टारडस्ट' पडला, कारण त्यात कल्पनाही नव्हती. 'व्हेल्वेट गोल्डमाइन'लाही (१९९८) बोवीने गाणी नाकारली होती. टॉड हेन्स यांनी नायकाचे नाव बदलले, ग्लॅम रॉकची दंतकथा रचली, आणि आज ती कोणत्याही अधिकृत चरित्राहून धीट वाटते. दिग्दर्शकांनी हाच मार्ग धरावा. नावे बदला, नवी गाणी बांधून घ्या, पण वारसांपुढे पटकथा मंजुरीसाठी ठेवू नका.