‘समाधानकारक’ : एका तारेची चिकित्सा

पवित्र शास्त्रातील एखादा उतारा अभ्यासताना तो कोणी, कोणास उद्देशून व कोणत्या प्रसंगी लिहिला, हे आपण प्रथम विचारतो. हीच कसोटी लौकिक लेखनासही लावता येते. प्रस्तुत लेखात एका लहानशा तारेची अशी चिकित्सा करावयाची आहे. ही तार डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, ब्रिटिश-हिंदी सैन्याच्या सेनापतीकडून गेली. तिचा आशय असा होता : जखमींची व्यवस्था समाधानकारक रीतीने लागली आहे, त्यांपैकी पुष्कळ जण बरे होण्यासारखे आहेत, बसऱ्यास दोन इस्पितळ-जहाजे सज्ज होती, आणि परिस्थिती बिकट असतानाही वैद्यकीय खात्याने उत्तम कामगिरी बजावली.

ज्यांच्याविषयी ही तार होती त्यांत आपल्या मुलखातील माणसे थोडी नव्हती. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादपासून सुमारे २० मैलांवर टेसिफोन येथे लढाई झाली. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणी ज्या रेजिमेंटमध्ये एकत्र आल्या, तिचे केंद्र बेळगाव येथे आहे. टेसिफोनच्या लढाईत या सैन्याचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मारले गेले किंवा जखमी झाले. इतक्या जखमींना वाहून नेण्यासाठी ना पुरेशा गाड्या होत्या, ना पुरेशा आगबोटी.

मग प्रत्यक्षात काय घडले? स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून, खाचखळग्यांवरून हाडे मोडलेली माणसे नदीकाठापर्यंत आणली गेली. तेथून आगबोटींवर व त्यांना जोडलेल्या पडावांवर दाटीवाटीने घालून त्यांना खाली बसऱ्याकडे पाठविले. त्या वेळी बसऱ्यास ‘वरेला’ या इस्पितळ-जहाजावर मेजर कार्टर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर होते. ‘मेजिदिया’ ही आगबोट येताना त्यांनी पाहिली. तिच्या कडांवरून दोर लोंबत आहेत असे त्यांना दुरून वाटले. ती जवळ आली तेव्हा दुर्गंधी सुटली आणि कळले की ते दोर नव्हते; ती माणसांची वाळलेली विष्ठा होती. माणसे इतकी खेटून पडली होती की देहधर्मासाठी देखील कोणास हलता येत नव्हते. आतड्यांच्या विकाराने पीडित झालेले आणि मोडलेल्या मांडीचे रुग्ण एकाच फळीवर होते. कित्येकांच्या जखमांवरील पट्ट्या अनेक दिवस बदललेल्या नव्हत्या.

आता तारेकडे पुन्हा वळू. तिच्यातील प्रत्येक विधान सुटे करून पाहिले तर ते सर्वस्वी खोटे ठरविणे कठीण आहे. जहाजे खरोखरच बसऱ्यास उभी होती. पुष्कळ जण बरे होण्यासारखे होते, हेही संभवनीय आहे. असत्य आहे ते मांडणीत. तार सांगते ती प्रवासाच्या शेवटी सज्ज असलेल्या सोयींची गोष्ट. मधल्या दिवसांविषयी ती अवाक्षर काढीत नाही. तिचा विषय जखमी माणूस नसून ‘व्यवस्था’ आहे. जखमी हा ‘लावण्याचा’ पदार्थ आहे, आणि समाधान पावणारा अधिकारी आहे. ‘समाधानकारक’ या विशेषणापुढे ‘कोणास?’ हा एकच प्रश्न ठेवला की सारी तार उघडी पडते.

युद्धकाळी सैन्याचे व जनतेचे मनोधैर्य टिकवावे लागते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. कोणती पलटण कोठे आहे, हे शत्रूला कळू न देणे हे कर्तव्यच होय. परंतु मौन आणि असत्य यांत भेद आहे. जखमी शिपायाची दैना तुर्कांपासून लपवून काहीच साधावयाचे नव्हते. अंधारात राहिले ते दोनच वर्ग : ज्यांची मुले रणात होती ती घरे, आणि आगबोटी, डॉक्टर व औषधे धाडण्याची ज्यांना सत्ता होती ते वरिष्ठ. सर्व ठीक आहे असे ज्याला कळविले, तो मदत कशाला धाडील?

गोड वृत्तांताचा दोष एवढ्यावर संपत नाही. पुरेशी वाहतूक नसताना बगदादवर चालून जाण्याचा निर्णय हाही अशाच आशावादाचे फळ होता. १९१६ मध्ये नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनने १९१७ च्या आपल्या अहवालात या चढाईच्या जबाबदारीचा सर्वांत मोठा वाटा सेनापती निक्सन यांच्याकडे दिला, आणि त्यांचा आत्मविश्वासपूर्ण आशावाद हेच तिचे मुख्य कारण ठरविले. वैद्यकीय प्रमुखांनी उणिवांविषयी निकराने तक्रार केली नाही, हाही ठपका ठेवला. भारतमंत्री चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला. दरम्यान, टेसिफोनहून मागे हटलेली डिव्हिजन कूत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली व २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. बंदिवासात हजारो मृत्युमुखी पडले.

आणि कार्टर? त्यांनी जे पाहिले ते वरिष्ठांपुढे मांडताच त्यांची लुडबुड्या म्हणून संभावना झाली. अटक करू व जहाज काढून घेऊ, अशी धमकी मिळाली.

येथे १ राजे २२ हा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. रामोथ-गिलादवर चालून जाण्यापूर्वी अहाब सुमारे ४०० संदेष्ट्यांना विचारतो व ते एकमुखाने यश सांगतात. मीखायाला आणावयास गेलेला जासूद त्याला त्याच सुरात बोलण्याचा सल्ला देतो. मीखाया प्रथम तेच शब्द उच्चारतो, तेव्हा हे खरे नव्हे, हे खुद्द राजाच ओळखतो. खरे सांगितल्यावर मात्र मीखायाच्या वाट्याला बंदिखाना येतो. पुढे राजा वेष पालटून लढाईत उतरतो. म्हणजे ४०० जणांच्या गोड भाकितावर त्याचाही पुरता विश्वास नव्हता. तरीही त्याला तेच ऐकावयाचे होते. हा प्रसंग केवळ खोट्या संदेष्ट्यांवरचा अभियोग नव्हे. ऐकणाराही त्यात दोषी आहे. निक्सन यांची तार बसऱ्याहून निघाली, परंतु ती वाचून निश्चिंत होऊ इच्छिणारे वाचक दूरवर आधीच तयार होते.

कमिशनच्या अहवालाविषयीही एक उणीव नमूद केली पाहिजे. त्याने सत्य उजेडात आणले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि त्याच्या पानांतून बोलतात ते बहुधा अधिकारी. ‘मेजिदिया’वरील शिपाई तेथे दिसतो, पण बोलत नाही.

आपल्या भागातील काही गावांत आजही एक दगडी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली व किती परतली नाहीत, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. तिच्यावर एकही विशेषण नसते. सेनापतीच्या तारेपेक्षा ही पाटी अधिक सत्य सांगते. ज्यांना शोकग्रस्तांच्या दारी जाऊन बोलावे लागते त्या आपण पाळकांनी व धर्मशिक्षकांनी तिच्यापासून एवढे तरी शिकावे : प्रथम माणसे मोजावी, मग विशेषणे शोधावी.