उरलेल्यांची शाखा

विद्यापीठातील कलाशाखेचा उपयोग काय, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या व्यासपीठांवर पुष्कळदा चर्चिला जातो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या डोंगराळ तालुक्यांत तो निराळ्या रूपाने उभा राहतो. ज्यांस विज्ञान झेपले नाही, किंवा ज्यांच्या पालकांस त्याचा खर्च झेपला नाही, त्यांची ही शाखा, असा समज तेथे रूढ आहे. कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या घरचा पहिला पदवीधर अनेकदा याच शाखेतून बाहेर पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या अवहेलनेचा भार कोणावर पडतो हे निराळे सांगावयास नको.

शाखेचे कैवारी तिच्या समर्थनार्थ ‘मनाचा विकास’, ‘सुसंस्कृतता’ असे शब्द योजतात. आमचा आक्षेप या समर्थनावरच आहे. भाताचे एक पीक हाती आले की ज्याच्या घरच्यांस वीटभट्टीची वाट धरावी लागते, त्यास सुसंस्कृततेचा उपदेश करणे ही थट्टाच होय. या विद्येवाचून त्याचे काही अडते काय, एवढेच त्यास दाखवावयास हवे.

आणि ते अडते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासीस तो कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क सांगता येतो. मात्र कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असल्याचे दाखवावे लागते. जे पुरावे चालतात त्यांत दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी निवेदनही आहे. आता देव कोठे बसविला, कोणास कोठे पुरले, कोणत्या साली कोणते रान मोडले, हे एखाद्या म्हातारीच्या तोंडून काढून घेणे. तिच्या बोलीचा अर्थ न बिघडविता ते कागदावर उतरविणे. तिने पाहिलेले काय व ऐकलेले काय, याची फोड करणे, हे काम कोणाचे? मोजणीदार जमीन मोजील, वकील दावा मांडील. पण साक्ष ऐकण्याची विद्या इतिहासाची व भाषेची आहे.

मुरबाडकडून नाणेघाट चढून गेले म्हणजे माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख दिसतो. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांचे त्यात आकडे आहेत. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर प्रभृतींनी तो उलगडीपर्यंत घाटाने जाणाऱ्यास त्या नुसत्या रेघा होत्या. राजघराण्याचा शब्द असा दोन हजार वर्षे दगडावर टिकला. घाट खोदणाऱ्याचा टिकला नाही. पाड्यावरच्या म्हातारीचा तर तिच्याबरोबरच जावयाचा.

याच शहापूर तालुक्यातील तानसा तलाव १८९२ पासून मुंबईस पाणी पुरवितो आणि उन्हाळ्यात तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. हे कोणत्या निर्णयांनी घडले, ते स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत सापडणार नाही.

दुर्दैवाने वर्गांत जे शिकविले जाते ते बहुधा मार्गदर्शिकांतून पाठ करण्याजोगे असते. युरोपीय प्रबोधनाची कारणे विद्यार्थ्यास क्रमवार सांगता येतात. आजीस काय विचारावे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. आमची सूचना एवढीच की, पदवीच्या अखेरच्या वर्षी एका उत्तरपत्रिकेऐवजी गावातील एका वृद्धाचे काळजीपूर्वक घेतलेले निवेदन स्वीकारावे. ते तपासावयाचे तर परीक्षकासही पाड्यापर्यंत चालत जावे लागेल, ही अडचण मात्र आम्हांस मान्य आहे.