अभिलेखांतील मौन : आयतुल्ला मोहंमद सादिक अल्-सद्र यांची हत्या (१९९९) आणि इराकच्या शासकीय कागदपत्रांचे प्रामाण्य

प्रस्तावना

१९ फेब्रुवारी १९९९ रोजी इराकमधील नजफ या शियापंथीयांच्या पवित्र शहरात आयतुल्ला मोहंमद मोहंमद सादिक अल्-सद्र आणि त्यांचे मुस्तफा व मुअम्मल हे दोन पुत्र यांच्यावर मोटारीतून जात असताना गोळीबार झाला व त्यात तिघांचाही अंत झाला. सद्दाम हुसेन यांच्या शासनाने या हत्येत आपला हात असल्याचे नाकारले. मार्च महिन्यात काही आरोपींचे कबुलीजबाब दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले आणि एप्रिलमध्ये चार जणांना देहदंड दिल्याचे जाहीर झाले. शासकीय दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. सद्र यांच्या अनुयायांनी, परागंदा विरोधी पक्षांनी आणि बहुतेक अभ्यासकांनी मात्र हा निर्वाळा कधीच स्वीकारला नाही.

२००३ मध्ये राजवट कोसळली आणि तिचे लक्षावधी कागद उघड्यावर आले. नजफच्या हत्येचे सत्य आता कागदावर सापडेल, अशी अपेक्षा तेव्हा निर्माण झाली. ती कितपत रास्त होती आणि या कागदांचे वाचन कोणत्या सावधगिरीने व्हावयास हवे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

'विरोधक' या संज्ञेचा प्रश्न

या प्रकरणावरील लेखनात सद्र यांचा उल्लेख सरसकट 'विरोधी धर्मगुरू' असा येतो. ही संज्ञा चुकीची नाही, पण ती शेवटाकडून सुरुवातीकडे पाहणारी आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये आयतुल्ला अबुल कासिम अल्-खोई यांचे निधन झाल्यावर नजफच्या धर्मपीठाचे नेतृत्व कोणाकडे जावे, हा प्रश्न निर्माण झाला. इराणी वंशाच्या धर्मगुरूंपेक्षा अरब वंशाचे सद्र शासनाला अधिक सोयीचे वाटले आणि प्रारंभीच्या काळात त्यांना मोकळीक मिळाली. याच कारणाने परदेशातील शिया विरोधकांपैकी अनेकांनी त्यांना शासनाचा माणूस ठरविले होते. पुढे कूफा येथील मशिदीत त्यांनी शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाला आरंभ केला, कफनाचे पांढरे वस्त्र अंगावर घेऊन प्रवचने दिली आणि बगदादमधील दरिद्री वस्त्यांपासून दक्षिणेतील गावांपर्यंत मोठा अनुयायीवर्ग उभा केला. शासनाने ज्याला हाताशी धरले तोच शासनाच्या हाताबाहेर गेला.

अभिलेखांच्या वाचकाला हा क्रम डोळ्यांआड करता येत नाही. एकाच व्यक्तीविषयी १९९४ चा कागद आणि १९९८ चा कागद एकाच सुरात बोलत असेल, असे गृहीत धरणे अनैतिहासिक ठरेल. १९९८ मध्येच आयतुल्ला मुर्तझा बुरुजर्दी (एप्रिल) आणि आयतुल्ला अली अल्-गरवी (जून) या दोन ज्येष्ठ धर्मगुरूंच्या हत्या झाल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन विशेष प्रतिवेदक मॅक्स व्हॅन डर स्टूल यांनी या मालिकेकडे लक्ष वेधले होते. तेव्हा १९९९ ची हत्या एकाकी घटना म्हणून वाचता येणार नाही, हे कागदांपूर्वीच स्पष्ट होते.

१९८० आणि १९९९ : दोन हत्या, दोन प्रकारचे कागद

तुलनेसाठी याच घराण्यातील आयतुल्ला मोहंमद बाकिर अल्-सद्र यांचे प्रकरण उपयोगी पडते. ३१ मार्च १९८० रोजी क्रांती समादेश परिषदेने ४६१ क्रमांकाचा ठराव करून दावा पक्षाचे सदस्यत्व हा पूर्वलक्षी प्रभावाने मृत्युदंडास पात्र अपराध ठरविला. त्यानंतर काही दिवसांतच बाकिर अल्-सद्र आणि त्यांच्या भगिनी, लेखिका आमिना अल्-सद्र यांना ठार करण्यात आले. येथे कायद्याचा कागद आधी निघाला आणि मृत्यू मागाहून आला. तो कायदा अन्यायाचा होता, परंतु त्याला क्रमांक होता, दिनांक होता, अधिकारपद होते. तरीही प्रत्यक्ष कृत्य कोणाच्या हातून घडले याचा छडा त्या ठरावातून लागत नाही. त्या कृत्याच्या आरोपाखाली माजी सुरक्षा अधिकाऱ्यांना पकडल्याची घोषणा इराकी शासनाने २०२५ च्या आरंभी, म्हणजे तब्बल ४५ वर्षांनी केली.

दुजैल प्रकरणात तर कागद हाच प्रमुख साक्षीदार ठरला. १९८२ मधील हल्ल्याच्या सूडापोटी १४८ जणांना मृत्युदंड देण्यात आला होता. त्या आदेशांवरील सद्दाम यांच्या स्वाक्षऱ्यांची हस्ताक्षरतज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि ५ नोव्हेंबर २००६ च्या निकालात त्यांचा आधार घेतला गेला. यांतील अनेक जण शिक्षेपूर्वीच चौकशीत मरण पावले होते. मेलेल्या माणसांना कागदावर पुन्हा मारण्याइतकी ही नोकरशाही काटेकोर होती.

असे असताना १९९९ च्या हत्येमागे कागद का उभा राहत नाही? कारण ही हत्या शिक्षा म्हणून नव्हे, गुन्हा म्हणून जगापुढे मांडावयाची होती. ज्या कृत्याचे कर्तृत्व शासनाला नाकारावयाचे आहे, त्याचा आदेश दप्तरी दाखल होण्याची अपेक्षाच मुळात विसंगत आहे. मराठी वाचकाला नारायणराव पेशव्यांच्या खुनासंबंधीची 'ध चा मा' ही आख्यायिका परिचित आहे. तिच्या ऐतिहासिकतेविषयी काहीही मत असो, त्या आख्यायिकेत किमान फिरविलेला कागद तरी कल्पिलेला आहे. नजफमध्ये शासनाने फिरविली ती घटनेची कथा, आणि त्यासाठी दूरचित्रवाणी वापरली.

पक्षाचे दप्तर काय सांगते

बगदादमधील बाथ पक्षाच्या मुख्यालयाच्या तळघरात २००३ मध्ये सापडलेले दप्तर कनान मकिया यांच्या इराक मेमरी फाउंडेशनने ताब्यात घेतले. ते पुढे अमेरिकेत नेण्यात आले आणि २००८ मध्ये स्टॅनफर्ड येथील हूवर इन्स्टिट्यूशनकडे ठेवण्यात आले. जोसेफ ससून, दिना रिझ्क खूरी, ॲरन फाउस्ट, सॅम्युएल हेलफाँट, लिसा ब्लेडीस आदींचे अलीकडील संशोधन या दप्तरामुळेच शक्य झाले. धर्मोपदेशक, मशिदी, हुसैनिया आणि कर्बलेच्या यात्रा यांवर पक्षाच्या शाखांनी ठेवलेली पाळत त्यांतून तपशीलवार दिसते. भाषाही बोलकी आहे. १९९१ च्या उठावाचा निर्देश 'विश्वासघात आणि गद्दारीचे पान' या ठरीव शब्दांनी होतो. असे शब्द वर्षानुवर्षे वापरणारा कारकून घटना नोंदवीत नसतो, वरिष्ठांना आपली निष्ठा कळवीत असतो. त्यामुळे एखाद्या शाखेने परिस्थिती 'नियंत्रणात' असल्याचे लिहिले, तर त्यावरून परिस्थितीपेक्षा लिहिणाऱ्याची भीती अधिक कळते.

येथे काही अभ्यासकांची गल्लत होते. हे पक्षाचे दप्तर आहे, गुप्तचर यंत्रणांचे नव्हे. मुखाबरात आणि सर्वसाधारण सुरक्षा विभाग यांचे कागद वेगळ्या वाटांनी गेले : काही अमेरिकी सैन्याने उचलले, काही राजकीय पक्षांनी पळविले, काही जळाले. अशा स्थितीत पक्षाच्या दप्तरात हत्येचा आदेश नसणे हा शासनाच्या निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. उलट बाजूचा मोहही टाळावा लागेल. आदेश नाही म्हणून तो नष्टच केला गेला असावा, हा तर्क पुराव्याच्या अभावालाच पुरावा बनवितो. शासनावरील संशय बळकट होतो तो हत्यांची मालिका, सद्र यांच्याशी वाढत गेलेला संघर्ष आणि नंतरची दडपशाही यांमुळे; आणि हा परिस्थितीजन्य पुरावा आहे, हे मान्य करण्यात अभ्यासकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

हत्येनंतरचा कागद

हत्येपूर्वीचे मौन आणि हत्येनंतरची मुखरता हा या अभिलेखांचा सर्वांत अस्वस्थ करणारा विशेष होय. मार्च १९९९ मध्ये बसरा येथे उठाव झाला आणि तो चिरडण्यात आला. दक्षिण विभागाची सूत्रे तेव्हा अली हसन अल्-मजीद यांच्याकडे होती. राजवटीच्या पतनानंतर बसऱ्यात १२० नावांची एक हस्तलिखित यादी हाती लागली. मार्च ते मे १९९९ या काळात ज्यांना ठार मारले गेले त्यांची ती यादी होती. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल मुख्यतः तिच्यावर आधारलेला आहे. या अहवालाचे मोल असे की, त्याने यादीला एकाकी प्रमाण मानले नाही. कुटुंबीयांच्या साक्षी घेतल्या आणि सामूहिक दफनस्थळातून काढलेल्या मृतदेहांच्या ओळखीशी नावे ताडून पाहिली. मारणाऱ्यांनी हिशेबासाठी लिहिलेला कागद मेलेल्यांच्या आप्तांनी निधनवार्ता म्हणून वाचला. एकाच मजकुराचे इतके भिन्न वाचन अन्यत्र क्वचितच आढळेल.

इराकच्या उच्च न्यायाधिकरणाने २ मार्च २००९ रोजी दिलेल्या निकालातही हीच मर्यादा दिसते. अल्-मजीद यांना मृत्युदंड झाला, तारिक अझीझ निर्दोष सुटले. परंतु खटल्याचा गाभा हत्येनंतरच्या निदर्शकांवरील अत्याचारांचा होता. ज्या गोळीबारापासून हे सारे सुरू झाले, त्याचा न्यायनिवाडा त्यात नव्हता. दूरचित्रवाणीवरील कबुलीजबाबांनंतर देहदंड झालेल्या त्या चौघांचा प्रश्न तर कोणीच पुरता हाती घेतला नाही. शासनाची कथा बनावट मानणाऱ्यांनी या चौघांनाही बळी मानावयास हवे होते. प्रत्यक्षात बहुतेक लेखनात त्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो.

दप्तराच्या स्वामित्वाचा वाद याच्याशी निगडित आहे. इराकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराचे तत्कालीन महासंचालक साद इस्कंदर यांनी कागद परत मागितले होते आणि एप्रिल २००८ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील अभिलेखपालांच्या संघटनांनी संयुक्त निवेदनाद्वारे त्या मागणीस पाठिंबा दिला होता. मूळ कागद अखेर ऑगस्ट २०२० मध्ये बगदादला परतले; ते कोठे ठेवले, हे तेव्हा जाहीर करण्यात आले नाही. खबऱ्यांची नावे फुटल्यास सूडसत्र सुरू होईल ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. परंतु यामुळे आपल्या मुलाचे नाव कोणत्या शाखेने, कोणत्या दिवशी, कोणाच्या सांगण्यावरून वर कळविले हे पाहू इच्छिणाऱ्या बसऱ्यातील वृद्ध पित्यापेक्षा कॅलिफोर्नियातील वाचनकक्षात संगणकीय प्रत उघडणारा संशोधक त्या कागदाच्या अधिक जवळ राहिला.