चल तदर्थ जाळ्यांतील ‘हमी’ : एक विचार

चल बिनतारी तदर्थ जाळ्यांतील सेवागुणवत्तेविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील ‘हमी’ या शब्दाचा अर्थ क्वचितच तपासला जातो. या जाळ्यात स्थिर केंद्र नसते. प्रत्येक नोड स्वतः हिंडत असतो आणि इतरांची पॅकेटेही पुढे पोचवितो. अशा स्थितीत अमुक वेग राखून ठेवू, असे आश्वासन कोणी कोणाच्या बळावर द्यावयाचे, हा मूळ प्रश्न होय.

या दृष्टीने कोलंबिया विद्यापीठातील कॅम्पबेल व त्यांचे सहकारी यांची ‘इन्सिग्निया’ ही योजना विचारात घेण्याजोगी आहे. तीत आरक्षणाची सूचना वेगळी न पाठविता आयपी पॅकेटाच्या शीर्षातच घातली जाते, आणि मार्गावरील नोडांतील नोंद वेळोवेळी ताजी न झाल्यास आपोआप लोप पावते. मार्ग वारंवार तुटणाऱ्या जाळ्यात हे धोरण निःसंशय योग्य आहे. दोष आहे तो अन्यत्र. नोड ज्याचे आरक्षण करतो ते माध्यम त्याच्या एकट्याचे नसते. व्यत्ययाचा टप्पा ग्रहणाच्या टप्प्याहून मोठा असतो. म्हणून अ, ब, क, ड या ओळीतील नोडांपैकी एका वेळी एकालाच बोलता येते, असे पुष्कळदा घडते. तसे झाले म्हणजे २ मेगाबिटांच्या वाहिनीवर अ पासून ड पर्यंत पाऊण मेगाबिटही पोचत नाही. शिवाय शेजारचा नोड मार्गावर नसूनही या वाटणीत भागीदार असतो. त्याची संमती मात्र कोणी घेतलेली नसते.

पुढे २००२ साली कॅम्पबेल यांच्याच सहभागाने मांडली गेलेली ‘स्वान’ योजना मधल्या नोडांत प्रवाहनिहाय नोंद ठेवीतच नाही. माध्यमात होणाऱ्या विलंबावरून ती सामान्य वाहतुकीचा वेग आवरते, व गर्दी वाढल्यास तातडीच्या प्रवाहांनाही पुन्हा परवानगी मागावयास लावते. येथे आश्वासन दुबळे झाले हे खरे. परंतु ते अधिक प्रामाणिक झाले, असे आमचे मत आहे.

गुप्ता व कुमार यांनी २००० साली दाखवून दिले की, यदृच्छया पसरलेल्या जाळ्यात नोड वाढतील तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग शून्याकडे झुकतो. ही मर्यादा कोणत्याही संकेतपद्धतीने ओलांडता येणार नाही. म्हणून प्रबंधलेखकांनी केवळ यशाची सरासरी देऊन थांबू नये. नोडांची गती, त्यांची दाटी व मार्ग तुटण्याचे प्रमाण कोठवर गेले असता आपले आश्वासन मोडते, तेही सांगावे. मर्यादा न सांगता दिलेली हमी शास्त्रात ग्राह्य धरता येत नाही.