‘स्मृतिचित्रे’ आणि गुरुवारची सुट्टी

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत भरपूर लिहिले गेले. तिची भाषा, विनोद, लहरी नवऱ्याशी केलेला संसार यांचे कौतुक झाले. मात्र ख्रिस्ती जगण्याचा दस्तऐवज म्हणून हा ग्रंथ क्वचितच वाचला जातो. धर्मांतर म्हणजे संसारावर कोसळलेले एक संकट, एवढ्यावर वाचन थांबते. हे वाचन अपुरे आहे, असे मला वाटते.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ शेजारी ठेवून पाहावे. तेथे धर्म हा ग्रंथवाचनाचा, वादाचा आणि मनातल्या झगड्याचा विषय आहे. लक्ष्मीबाईंकडे क्रम उलटा दिसतो. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांचे सोवळे आधी सुटले, श्रद्धा नंतर आली. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, हा प्रश्न सुटला तेव्हा सिद्धान्ताचा अर्धा प्रश्न सुटलाच होता. बाप्तिस्म्याशी पुस्तक संपतही नाही. पैशाची ओढाताण, आल्यागेल्याचे करणे, पोरक्या मुलांना घरात घेणे पुढे चालूच राहते. म्हणजे ख्रिस्तीपण ही एकदा जाहीर करून मोकळे होण्याची गोष्ट नसून रोज निभावण्याची गोष्ट आहे.

ही दृष्टी घेऊन मी राहतो त्या पिंपरी-चिंचवड पट्ट्याकडे पाहिले की उणीव जाणवते. ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे मानत. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. तुकोबांचे देहू याच पट्ट्याला लागून आहे. इंद्रायणीच्या एका अंगाला तळवडे-भोसरी, दुसऱ्या अंगाला चाकण. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को, बजाज आले. त्यांच्यामागून नगर-जालन्याकडची आणि केरळ-तामिळनाडूतली ख्रिस्ती कुटुंबेही आली.

येथील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी विजेच्या नियोजनामुळे साधारणपणे गुरुवारी असते. मग रविवारी पहिल्या पाळीला असलेल्या माणसाने उपासनेचे काय करायचे? खंडेनवमीला लेथला हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, प्रसाद वाटला जातो. शेजारच्या मशीनवरचा मित्र हात पुढे करतो. घ्यायचा की नाही? करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मूर्तीपुढच्या नैवेद्याच्या याच प्रश्नाशी झटतो. लक्ष्मीबाईंचा पाण्याचा प्रश्नही याच जातीचा. ‘मी कोण’ यापेक्षा ‘समोरच्याचे मन न मोडता मी कोण राहू शकतो’ हे इथे ठरवावे लागते.

यात आणखी एक गाठ आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. जात मात्र वस्तीत आणि सोयरिकीत सुटत नाही. अशा माणसाच्या दृष्टीने दाखल्यावरचा धर्माचा रकाना ही निव्वळ नोंद नसते. मुलाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा हिशेब त्यात असतो.

या जगण्याचे लेखन कोठे आहे? ख्रिस्ती नियतकालिकांतून ‘साक्षी’ छापून येतात. त्यांचा ठरलेला साचा असतो: व्यसन किंवा आजार, प्रार्थना, सुटका. श्रद्धावंताला त्यातून बळ मिळते, हे खरे. पण सुटकेनंतरचा सोमवार त्यात येत नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे लेखक लाभले. कारखान्यातला ख्रिस्ती मात्र मराठी साहित्यात अजून जवळजवळ अनुपस्थित आहे. मराठी कामगार साहित्यानेही त्याच्या श्रद्धेची फारशी दखल घेतली नाही. जणू पाळीवर जाताना माणूस धर्म घरी ठेवून जातो.

असे लेखन करू पाहणाऱ्याला परका नमुना शोधायला नको. पाण्याचा तांब्या, पंगत आणि उसनवारी यांतून श्रद्धेचा इतिहास लिहिता येतो, हे लक्ष्मीबाईंनी दाखवून दिले आहे. तांब्याच्या जागी आता जेवणाचा डबा आहे आणि पंगतीच्या जागी कँटीनचे टेबल.